अप्पांची कोटातली झोप

विश्वनाथअप्पा माझ्याशी पहिल्यांदा भांडले ते मी त्यांच्या स्वप्नात केलेल्या एका आगळिकीवरून.

मी गेवराईहून त्या गावात नवीनच आलो होतो. माजलगावच्या रस्त्याला लागून एक गाळा घेतला, त्याला पिवळाजर्द रंग दिला आणि काचेच्या खोक्यात एसटीडीचा फोन बसवला. शेजारचं किराणा दुकान अप्पांचं. चहापत्तीचा पुडा आणायला गेलो, तर अप्पा गादीवरून माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांची म्हैस सोडून नेली होती.

"काढ तो डबा," अप्पा म्हणाले.

"कुठला डबा?"

"तुझा फोनचा. काल आणून माझ्या ज्वारीत ठेवलास. भर मधी. चांगली निसवलेली ताटं मोडली."

मी दारातून हात करून दाखवलं, की अप्पा, माझा डबा तिथंच आहे, तुमच्या डोळ्यांसमोर.

"हा न्हाई बे. सपनातला."

चहापत्ती काही मिळाली नाही. घरी आलो, बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "काढला म्हणून सांगा की. आपलं काय जातंय?" दुसऱ्या दिवशी मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "अप्पा, काढला डबा."

"कुठं ठेवलास?"

"घरी नेला."

"बरं केलंस," अप्पा म्हणाले आणि चहापत्तीवर मूठभर फुटाणे बांधून दिले. एवढ्यावर आमचं शेजारपण सुरू झालं.

अप्पा उंच, वाळकुडे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. धोतर कायम गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कारण कधी उठून निघावं लागेल याचा नेम नसे. घरात एकटेच. लातूरला एक पुतण्या होता, तो दिवाळीलाही येत नसे. सकाळभर अप्पा दुकान करत. ऊन डोक्यावर आलं, की गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तराजू खाली ठेवत, एक फळी उघडी ठेवून बाकीच्या लावून घेत, खांद्यावर घोंगडी टाकत आणि चालू लागत. मागून कुणी ओरडलं, "अप्पा, माझं तेल!" तर न वळता म्हणत, "डब्यात हाय, घे. पैसे गल्ल्यात टाक."

जात कुठं? तर कोटात झोपायला.

कोट म्हणजे गावाच्या पूर्वेला माळाच्या चढावर असलेलं अप्पांचं शेत. शेत साधं, पण त्याला चारी बाजूंनी काळ्या दगडांची भिंत. माणूस हात वर करून उभा राहिला तरी बोटं दिसायची नाहीत इतकी उंच. चार कोपऱ्यांना बुटके बुरूज. कोणत्या काळी कुणी बांधली, गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हातारी माणसं म्हणत, लुटारू घोडेस्वार यायचे तेव्हा गावाचं धान्य त्यांच्या हाती लागू नये म्हणून शेतालाच किल्ला केला. आत पायऱ्यांची विहीर, आतच खळं, आतच धान्य साठवायची जमिनीतली पेवं. पेरलं, कापलं, मळलं, पुरलं, सगळं भिंतीच्या आत. दार एकच आणि तेही असं, की वाकल्याशिवाय जाता येत नाही. बैल एकेक करून आत घ्यायचा आणि औत खांद्यावर. आजूबाजूला धरणाचं पाणी आलं होतं, रान उसानं हिरवंगार झालं होतं. अप्पा मात्र कोटात दगडी नावाची गावरान ज्वारीच पेरत. विचारलं तर म्हणत, "उसाला लई गजबज असती. ट्रक काय, तोडी काय. ज्वारी निवांत हाय."

"लई गजबज" हे त्यांचं आवडतं बोलणं. त्या वर्षांत गावात रोज काहीतरी नवीन येत होतं. घरांवर केबलच्या तारा आल्या, दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा आल्या, वेफर्स आले. अप्पा सगळं ठेवत आणि सगळ्याकडे संशयानं बघत. काळ्या थंड पेयाच्या बाटल्या ठेवायला फ्रीज नव्हता, म्हणून ते टोपलीला दोर बांधून त्या कोटातल्या विहिरीत सोडत. एकदा त्या कंपनीचा माणूस टाय लावून आला. म्हणाला, फ्रीज देतो, फुकट. अप्पा त्याला कोटात घेऊन गेले. दारात त्याचं डोकं आपटलं. विहिरीतली बाटली त्यानं पिऊन बघितली आणि म्हणाला, "फ्रीजपेक्षा गार आहे हो." मग घटकाभर म्हणून कडुलिंबाखाली टेकला आणि झोपला. त्याची शेवटची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्याकडे तणतणत आले. "झोपला ते झोपला, वर माझ्या सपनात बी आला. टाय लावून!"

कोटात पडलेली स्वप्नं अप्पा बातम्यांसारखी धरत. त्यात ज्यानं जे केलं, त्याचा जाब त्याला जागेपणी द्यावा लागे. माजलगाव गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी भर स्टँडवर हात करून थांबवलं होतं.

"दार बारकं हाय, दिसत न्हाई का बे? आख्खी गाडी घालतोस?"

ड्रायव्हर बिचारा खाली उतरून गाडीच्या दाराकडे बघत राहिला. मग कंडक्टरनं त्याला समजावलं, तशी त्यानं कान पकडून माफी मागितली. पुढं त्याला सवयच झाली. गाडी थांबवून खिडकीतून विचारायचा, "अप्पा, काल आलतो का?"

आमच्या पंचायत समितीच्या सभापतींचीही गंमत झाली. ते अप्पांच्या स्वप्नात ज्वारीच्या कणसांपुढं हात जोडून मतं मागत फिरत होते. ही गोष्ट कानावर गेल्यावर ते खूश होऊन दुकानात आले. "मग अप्पा, काय म्हणाली कणसं?"

"माना खाली घालून उभी होती," अप्पा म्हणाले.

सभापती त्या निवडणुकीत पडले, गाव मात्र त्यांना सभापतीच म्हणत राहिलं. तेव्हापासून ते अप्पांशी जपून बोलू लागले.

हळूहळू गावात असं झालं, की स्वप्नात येणं हा एक मान झाला. नारायण न्हावी तर कुरकुरायचा, "सगळ्यांशी भांडता, माझ्याशी कावून न्हाई? मी काय घोडं मारलं?" अप्पा त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "तू शाणा हायस. असाच राहा."

कोट मी आतून पहिल्यांदा बघितला तो लातूरच्या पुतण्यामुळं. त्याचा फोन आला, अप्पांना बोलवा, महत्त्वाचं आहे, मी थांबतो. भर दुपारची वेळ. मी पळतच गेलो, दारात वाकलो, आत शिरलो आणि का कोण जाणे, पळायचं विसरूनच गेलो.

आत आवाज नव्हता. म्हणजे बाहेर रस्त्यावर उसाचे ट्रक चालले होते, हॉर्न वाजत होते, पण भिंतीवरून येता येता ते पाण्यातून आल्यासारखे मऊ होत होते. ज्वारी हुरड्यात आली होती. वारा वरच्या वर कणसं हलवत होता आणि खाली बुंध्यांशी हवा अगदी ठप्प, उबदार. भोरड्यांचा थवा उठायचा, भिंतीच्या काठापर्यंत जायचा आणि परत आतच उतरायचा, जणू बाहेर काही नाहीच. त्या उजेडालाही एक पिवळी सुस्ती होती. मला वाटलं, कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतंय, बस की जरा. पूर्वेच्या भिंतीला लागून एक लिंब होता. त्याच्या सावलीत एक लहानसा दगडी ओटा, त्यावर लिंग आणि बेलाची ताजी पानं. ओट्याशेजारी घोंगडीवर अप्पा. कुळदैवत असेल, असं मी धरून चाललो.

"अप्पा, लातूरचा फोन."

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. "त्याला सांग, झोपलोय."

मी परत आलो. पुतण्याला सांगितलं, "अप्पा झोपलेत."

"कुणी सांगितलं?"

"अप्पांनीच."

त्यानं फोन आपटला. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "काय म्हणत होता?" मी म्हटलं, ठेवला त्यानं. अप्पांनी मान हलवली. "जमिनीचंच असंल. त्याला सडकेकडची पट्टी पायजे. लई गजबज असती त्याच्या डोक्यात."

मग दोनेक वर्षांनी कुणीतरी कोटाचे फोटो काढून नेले आणि पुरातत्त्व खात्याची नोटीस आली. कोट संरक्षित करण्याचं ठरत होतं. कुणाची हरकत असेल तर सांगावी, त्यासाठी औरंगाबादहून अधिकारी बाई येणार होत्या. गावाला आधी हसू आलं. जिथं अप्पा घोरतात त्या शेताला सरकारचा पहारा! मला वाटलं, अप्पा आता हवेत चालतील. पण अप्पा गप्प झाले. दुपारी झोपून यायचे आणि कुणाशी भांडायचेसुद्धा नाहीत. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, तर नुसता हात हलवला.

त्याच आठवड्यात सभापती माझ्या बूथवर आले. फोन करायचा नव्हता. स्टूल ओढून बसले.

"म्हातारा तुझ्याशी बोलतो. त्याला म्हणावं, हरकत घे."

मला त्यांचं कारण ठाऊक होतं. हमरस्त्यावर त्यांचा पेट्रोल पंप होणार होता आणि कोटाच्या बुरुजांकडे बघताना त्यांना त्यात पंपाचं कंपाउंड दिसत असे. मी तसं तोंडावर म्हटलं. ते रागावले नाहीत.

"दगड मला पायजेत, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्याच्या बाजूनं बघ. एकदा बोर्ड लागला की आत खड्डा खणता येत न्हाई. त्याची बायको आत हाय. मग हा कुठं जायचा?"

मला काही उमजेना.

"तुला म्हाईत न्हाई?" सभापतींनी आवाज खाली आणला. "तू बाहेरचा. लिंगायतात पुरतात बाबा, बसवून. त्या लिंबाखालचा ओटा हाय ना, ती शिवकांताकाकू. तवापासून म्हातारा तिथं झोपतो. तिच्या शेजारची जागा त्यानं स्वतःला राखून ठेवलीय. तिथं तो नांगर बी फिरू देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी फोनच्या खोक्याला कुलूप लावलं आणि अप्पांच्या मागोमाग कोटात गेलो. अप्पांनी घोंगडी अर्धी पसरून मला जागा करून दिली. ओट्यावर कालची बेलाची पानं सुकली होती. त्यांनी ती उचलली, नवी ठेवली. मी काय विचारायला आलो होतो ते त्यांना कळलं असावं, कारण बोलायला तेच लागले.

"लई लाजरी होती बे. दुकानात गिऱ्हाईक असलं की मधल्या दारातूनच मागं फिरायची. चार माणसात तिचा आवाज कुणी ऐकला न्हाई. मला म्हणायची, कुणी नसलं की हाक मारा, येते." अप्पा भिंतीकडे बघत होते. "गेली तवा मी माजलगावला गेलतो, माल आणायला. आलो तर बायकांनी न्हाऊ घालून बसवली होती. बोलणं काही झालंच न्हाई."

वरून भोरड्यांचा थवा गेला. त्याची सावली ज्वारीवरून सरकली.

"म्हटलं, इथं झोपावं. येईल एखाद्या दिवशी सपनात. तर येता कोण? तुमी! कधी हा फोनवाला डबा घेऊन बसलाय, कधी ड्रायव्हर गाडी घेऊन उभा, कधी सभापती. सगळं गाव आत. मग ती कशाला येती? दारात वाकून बघत असंल, माणसं दिसली की मागं फिरत असंल."

इतकी वर्षं आम्ही ज्या भांडणांना हसत होतो, त्यांत हा माणूस जीव तोडून आम्हाला बाहेर काढत होता.

"आता काय करणार अप्पा?"

"तेच झोपून बघतोय," अप्पा म्हणाले आणि कूस बदलली.

अधिकारी बाई आल्या तेव्हा कोटाच्या दारापाशी सतरंजी टाकली होती. बाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. सकाळभर आत हिंडून आल्या होत्या, केसांत ज्वारीचा भुसा होता. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की भिंतीतलं शेत, आत विहीर, खळं, पेवं, आणि अजून त्यात पीक उभं, असं शाबूत दुसरं त्यांनी पाहिलेलं नाही. जमीन अप्पांचीच राहील. शेती चालते तशी चालेल. भिंतीला हात लावायचा नाही, नवीन काही बांधायचं नाही, खणायचं नाही. कुणाची हरकत?

सभापती खाकरले. "अप्पा, बोला."

अप्पा उठून उभे राहिले. धोतर सोडून नीट नेसले होते, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

"ताई, नांगर?"

"नेहमीसारखा चालेल. खोल नाही घालायचा."

"आन् खड्डा? विहिरीचा न्हाई. माणूस बसंल इतका."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांना तो लिंबाखालचा ओटा आठवला असणार. त्यांचा आवाज उतरला. "नाही अप्पा. एकदा संरक्षित झाल्यावर नाही. मला हो म्हणता आलं असतं तर म्हटलं असतं."

"ऐकलं?" सभापती म्हणाले. "घ्या हरकत. आपलं रान आपल्यापाशी राहूंद्या."

अप्पांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "आन् आता आत जे कुणी हाय, त्याला कुणी उठवील?"

"नाही. आहे ते आहे तसंच राहणार."

"मी मेल्यावर बी? पुतण्यानं रान इकलं तरी बी?"

"कुणीही विकत घेतलं तरी. तुमच्यानंतरही आणि आमच्यानंतरही."

माळावरून वारा आला, सतरंजीचं टोक उलटलं. कुणीतरी ते पायानं दाबलं.

"मग लावा बोर्ड," अप्पा म्हणाले. "तिला निवांत लागतं."

अप्पा खाली बसले, आणि बसता बसता एकदम आठवल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "भिंतीच्या बाहेरची पट्टी माझीच हाय. तिथं तर चालंल?"

"भिंतीपासून थोडं अंतर सोडलं तर आमची काही हरकत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः उठून दाखवलं कुठून.

निळा बोर्ड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा घोंगडी घेऊन निघाले, कोटाच्या दारापर्यंत गेले, आत जाऊन बेल वाहून आले आणि भिंतीला वळसा घालून पूर्वेच्या बाजूला, बाईंनी दाखवलेल्या जागी उघड्या माळावर आडवे झाले. मधे भिंत, पलीकडे लिंब. गावातली माणसं बघायला गेली. मीही गेलो.

"अप्पा, आत झोपायला कुणी मनाई केलीय?"

"न्हाई."

"मग इथं कावून?"

"सवय करतोय," अप्पा म्हणाले. "एकदम नवीन जागी झोप लागत न्हाई मला."

तिथं झोपायला लागल्यापासून भांडणं संपली. ड्रायव्हरला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मी एकदा धीर करून विचारलं, अप्पा, आता कुणी येत नाही का? ते साखर जोखत होते.

"मोकळं झालं सगळं."

"आणि काकू?"

त्यांनी पुडा बांधला, दोरा तोडला. "हाक येती कधीमधी. शब्द कळत न्हाई, मधी भिंत हाय ना." आणि मग चेहऱ्यावर लाजल्यासारखं काहीतरी आलं, त्या वयाला अजिबात न शोभणारं. "कळतील हळूहळू."

अप्पा गेले ते पुढं काही वर्षांनी, एका थंडीतल्या सकाळी, दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या. तोवर लोकांच्या खिशात मोबाईल आले होते आणि माझा बूथ नावालाच राहिला होता. तरी लातूरला आणि माजलगावच्या स्वामींना फोन मी बूथवरूनच केले. पुतण्या म्हणाला, उद्या येतो. स्वामी म्हणाले, अंधार पडायच्या आत झालं पाहिजे.

सभापतींनी आपला ट्रॅक्टर पाठवला आणि स्वतः ट्रॉलीत अप्पांना धरून बसले. अप्पांना बसवून, फुलं घालून, गावातून नेलं. माजलगाव गाडी रस्त्याच्या कडेला थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरून टोपी काढून उभा राहिला. नारायण न्हाव्यानं खड्डा खणणाऱ्यांना दोनदा टोकलं, भिंतीच्या फार जवळ जाऊ नका, बाईंनी सांगितलंय.

सगळं झालं तेव्हा ऊन कलतं होतं. सूर्य कोटाच्या मागं उतरत होता आणि भिंतीची लांब सावली आम्हा सगळ्यांच्या अंगावर पडली होती. स्वामींनी मंत्र म्हटले, विभूती लावली, अप्पांचं लिंग त्यांच्या हातात ठेवलं. मग खड्ड्यात उतरलेल्या पोरांना म्हणाले, "तोंड उत्तरेला करा."

पोरांनी अप्पांना खांद्याला धरून वळवायला घेतलं. मी पुढं झालो. माझा काही अधिकार नव्हता, जात वेगळी, गाव वेगळं. तरी म्हणालो, "स्वामीजी, भिंतीकडं करता येईल का?"

सगळे थांबले. स्वामी मला ओळखत नव्हते. त्यांनी सभापतींकडे बघितलं. सभापती भिंतीकडे बघत होते. पलीकडून लिंबाचा शेंडा वर दिसत होता, त्यात मावळतं ऊन अडकलं होतं.

स्वामींनी त्या शेंड्याकडे बघितलं. त्यांचं सगळं आयुष्य याच मुलखात गेलेलं. दिशा त्यांना शिकवायला नको होत्या.

"हां," ते म्हणाले, "उत्तर तिकडंच हाय. बसवा."